परत येऊन लिहिणाऱ्याला शून्य पॉइंट का?

रिव्ह्यू समुदाय चालवणाऱ्या आणि पॉइंटचे नियम ठरवणाऱ्या सर्वांना,

स.न.वि.वि.

तुमच्या समुदायात मी सहा वर्षं लिहिते आहे. घरात रोज हाताळायच्या वस्तूंवर लिहिते: पंखा, गादी, टॉर्च, कुलूप, इस्त्री. हे पत्र लिहायला बसले ते एका इस्त्रीमुळे, म्हणून आधी तिच्याबद्दलच सांगते.

वाफेची इस्त्री. घेतल्यानंतर चौथ्या दिवशी मी तिच्यावर लिहिलं. तळ लवकर तापतो, वजन हाताला झेपतं, पाणी भरायचं तोंड अरुंद आहे पण पाणी सांडत नाही. पाच स्टार दिले, तीन फोटो टाकले. पॉइंट त्याच संध्याकाळी जमा झाले. सातव्या महिन्यात इस्त्रीची वायर चिरली. मुठीतून बाहेर पडताना वायर जिथे वळते, बरोबर तिथे. आधी तिथलं रबर सैल झालं, मग पांढरट पडलं, आणि एके दिवशी कपडे उलटताना आतली तांब्याची तार उघडी दिसली. मी प्लग काढला, त्या जागेचा अगदी जवळून फोटो घेतला, वायर बदलून घेतली आणि जुन्या रिव्ह्यूमध्ये हे सगळं सविस्तर लिहिलं. पाचाचे दोन स्टार केले. रोज किती वेळ वापर होता, वायर गुंडाळून ठेवत होतो की मोकळी, तेही लिहिलं, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या घरच्या वापराशी ताडून बघता यावं. एक अख्खी दुपार गेली. त्याचे पॉइंट मिळाले शून्य, कारण तुमच्या नियमांत ही ‘दुरुस्ती’ आहे आणि दुरुस्तीला पॉइंट नाहीत.

त्याच आठवड्यात त्याच इस्त्रीवर अकरा नवे रिव्ह्यू आले. बहुतेक सगळे खोकं उघडल्या दिवशीचे. पॅकिंग छान आहे, रंग फोटोत दिसतो तसाच आहे, अजून वापरली नाही, वापरल्यावर सांगेन. प्रत्येकाला पूर्ण पॉइंट. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही. नियमाने त्यांच्याकडून जे मागितलं ते त्यांनी दिलं. आज त्याला आठ महिने झाले. मी ते अकराही रिव्ह्यू पुन्हा उघडून पाहिले. ‘वापरल्यावर सांगेन’ म्हणणाऱ्यांपैकी एकही जण सांगायला परत आलेला नाही. परत यावं असं त्यांना वाटण्यासारखं तुम्ही काही ठेवलेलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकीचं पत्र मी त्यासाठीच लिहिते आहे: पॉइंट किती लिहिलं याला देऊ नका, वाचणाऱ्याच्या काय कामी आलं याला द्या. आणि वस्तू वापरून, काही महिने काढून जो परत येऊन लिहितो, त्याच्या त्या लिहिण्याला सगळ्यात जास्त द्या.

रिव्ह्यू कोण वाचतं? ज्याला वस्तू घ्यायची आहे पण निर्णय होत नाहीये तो. रंग त्याला फोटोत दिसतो. वजन, लांबी-रुंदी, वॉट हे सगळं कंपनीने लिहिलेलंच असतं. कंपनी जे लिहिणार नाही आणि फोटोत जे दिसणार नाही, ते त्याला तुमच्याकडून हवं असतं. सहा महिन्यांनी काय होतं, वॉरंटीत नेल्यावर कोण काय म्हणतं, सुटा भाग मिळतो की नाही. म्हणजे वस्तूच्या वापराचे दिवस जसे वाढतात तशी रिव्ह्यूची किंमत वाढत जाते. तुमचे पॉइंट नेमके उलटे चालतात. पहिल्या दिवशी सगळे, नंतर काहीच नाही.

नव्या नियमांनी तर हा कल आणखी पक्का केला आहे. दीडशे शब्दांच्या वर गेलं की जादा पॉइंट, तीन फोटो असले की जादा पॉइंट, आणि सलग सात दिवस रोज एक रिव्ह्यू लिहिला की दुप्पट. शब्दांच्या नियमाने काय झालं ते तुम्हीही वाचत असाल. खोक्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला दिसतो. एकच वाक्य तीन तऱ्हांनी फिरवलेलं असतं. फोटोंच्या नियमामुळे बंद खोक्याचे तीन बाजूंनी काढलेले तीन फोटो येतात. सात दिवसांच्या नियमाचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. रोज एक नवी वस्तू आणून, वापरून, तिचे गुणदोष समजून त्यावर लिहिता येईल असं घर मला माहीत नाही. म्हणजे हा नियम पाळायचा तर न वापरलेल्या वस्तूवर लिहावंच लागतं. प्रामाणिक माणसाला ज्यात भाग घेता येत नाही असं बक्षीस तुम्ही ठेवलं आहे.

१९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं होतं. पुढे ते त्याच्याच नावाने नियम म्हणून रूढ झालं. त्याचं मर्म असं की एखादं मोजमाप हेच उद्दिष्ट होऊन बसलं की ते मोजमाप म्हणून कामाचं राहत नाही. शब्दसंख्या हे एके काळी चांगलं मोजमाप होतं. ज्याच्याजवळ सांगण्यासारखं असायचं तो आपोआप जास्त लिहायचा. तुम्ही शब्दांना पॉइंट लावलेत त्या दिवसापासून लांब रिव्ह्यूवरून काहीच कळेनासं झालं.

दुसरीकडे काय करतात तेही पाहिलं. गूगल मॅप्सवर ठिकाणांबद्दल लिहिणाऱ्यांसाठीच्या ‘लोकल गाइड्स’ कार्यक्रमात रिव्ह्यूला १० पॉइंट असतात, तो २०० अक्षरांच्या वर गेला तर आणखी १०. फोटोला ५, नुसत्या स्टारला १. मोजणी तिथेही संख्येचीच आहे, पण दोन गोष्टी मला बऱ्या वाटतात. २०० अक्षरं म्हणजे दोन-तीन वाक्यं, तेवढ्यासाठी पाणी घालावं लागत नाही. आणि त्या पुढे कितीही लिहिलं तरी जास्त काही मिळत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर उत्तराला मिळालेल्या प्रत्येक चांगल्या मताचे १० पॉइंट असतात, वाईट मत पडलं तर २ जातात, आणि मतांमधून एका दिवसात २०० च्या वर मिळत नाहीत. या मर्यादेमागचा विचार मला पटतो. एका बैठकीत ढीग रचण्यापेक्षा सावकाश नीट लिहिणाऱ्याला ती सोयीची आहे.

यावर कोणी म्हणेल, मग आपल्याकडेही ‘उपयुक्त’ बटणावर सगळं सोपवा, वाचकच ठरवतील. एवढ्याने भागत नाही. ते का भागत नाही हे मला माझ्या आईच्या श्रवणयंत्रामुळे कळलं.

आईसाठी यंत्र शोधत होतो तेव्हा तुमच्याकडच्या एका सदस्याचा रिव्ह्यू वाचला. स्वतः यंत्र लावणारा माणूस असणार, कारण दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. त्याने लिहिलं होतं की कानामागे बसणारं यंत्र आणि चष्म्याची काडी एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून जाड काडीचा चष्मा असेल तर यंत्र घेताना तो लावूनच बघा. मास्कची दोरी ओढताना यंत्र निसटून पडतं. बॅटरीवरचं रंगीत स्टिकर काढल्यावर ती लगेच न बसवता मिनिटभर हवेत ठेवा, म्हणजे ती नीट चालते. आणि पहिले काही दिवस स्वतःच्या चावण्याचा, पावलांचा, कागदाचा आवाज नकोसा होतो, पण तेवढ्यावरून यंत्र परत करू नका. हे शेवटचं वाक्य नसतं तर आईने चौथ्या दिवशी यंत्र काढून कपाटात ठेवलं असतं. तिने ते काढायला घेतलंच होतं, तेवढ्यात मी तिला तो रिव्ह्यू मोठ्याने वाचून दाखवला. आज ती फोनवर बोलते.

त्या रिव्ह्यूला ‘उपयुक्त’ची मतं होती चार. त्यातलं एक माझं. शेजारच्याच विभागात एका नव्या मोबाइलवर कुणी बाजारात आल्याच्या दिवशी लिहिलेल्या आठ ओळींना शेकड्यांनी मतं होती. मोबाइल लाखो लोक शोधतात, श्रवणयंत्र फार थोडे. मतांची नुसती बेरीज केली तर कुठली वस्तू लोकप्रिय आहे एवढंच मोजलं जातं, आणि लिहिणाऱ्यालाही तेच शिकवलं जातं, की ज्यावर सगळे लिहितात त्यावरच लिही. निदान किती जणांनी वाचलं आणि त्यातल्या किती जणांना उपयोग झाला, हे प्रमाण तरी बघा. दहा जणांनी वाचून चार जणांनी हात वर केले असतील तर ती फार मोठी पावती आहे.

आणि मतं आपली आपण निर्मळ असतात असंही नाही. २००७ साली अॅमेझॉनवरच्या रिव्ह्यूंचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना ‘उपयुक्त’ मतांत तीन तऱ्हांचा कल दिसला. लोक ‘उपयुक्त नाही’पेक्षा ‘उपयुक्त’ हेच जास्त दाबतात. ज्याला आधीच खूप मतं आहेत त्यालाच आणखी मिळत जातात. आणि जो रिव्ह्यू आधी येतो त्याच्या पदरात जास्त पडतात. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक प्रयोग तर आणखी बोलका आहे. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना, कुठल्या ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून, सुरुवातीलाच एक चांगलं मत देऊन ठेवलं. नंतर पाहिलं तर त्या प्रतिक्रियांची अंतिम गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. मजकुराचा काही संबंध नव्हता, फक्त पहिलं मत. आपल्याकडे जास्त मतांचा रिव्ह्यू वर दाखवतात, वर दिसतो म्हणून त्याला मतं मिळतात, आणि मतांचे पॉइंट होतात. परत येऊन केलेली भर बिचारी जुन्या तारखेखाली कुठेतरी तळाशी पडून राहते. ती वाचलीच जात नाही, तर मत कोण देणार? म्हणून नुसते पॉइंट देऊन भागायचं नाही. ‘सात महिन्यांनंतर भर घातली’ असा शिक्का रिव्ह्यूच्या वर दिसायला हवा आणि त्या दिवशी तो नव्यासारखा समोर यायला हवा.

पॉइंटच बंद करा, असं मी म्हणत नाही. आमच्यातले काही जुने सदस्य तसं म्हणतात. मला ते पटत नाही. संकेतस्थळं लोक कशी वापरतात याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी २००६ साली मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे: ऑनलाइन समुदायात साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक सगळा भार १ टक्का लोक उचलतात. जे लिहितात त्यांतही फार खूश झालेले आणि फार चिडलेले जास्त. ‘ठीक आहे, चालतं’ असं ज्याला वाटतं तो लिहितच नाही, आणि त्यामुळे सरासरी स्टार फसवे होतात. या मधल्या माणसाला लिहितं करायला थोडं आमिष असलं तर बिघडत नाही. प्रश्न ते कशासाठी आणि कसं द्यायचं एवढाच आहे.

१९७३ साली अमेरिकेत लहान मुलांवर झालेला एक प्रयोग आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. ते मिळालंही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर हीच मुलं, बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या मानाने, निम्माच वेळ चित्रांना देत होती. पण ज्यांना बक्षिसाची कल्पना नव्हती आणि ते नंतर अवचित मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. याच्या शेजारी २०१२ साली प्रसिद्ध झालेला विकिपीडियावरचा प्रयोग ठेवा. सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांपैकी काही जणांना, त्यांनी न मागता, एक चांदणी दिली. नुसती चित्रातली, तिचं पैशांत मोल शून्य. पुढच्या तीन महिन्यांत त्यांचं काम इतरांच्या तुलनेत ६० टक्के जास्त भरलं. पॉइंटच्या बदल्यात द्यायच्या व्हाउचरवर तुम्ही एवढा खर्च करता. त्या श्रवणयंत्रवाल्या माणसाला ‘तुमच्यामुळे एका बाईंचं यंत्र कपाटात गेलं नाही’ एवढा निरोप पोचवायची सोय मात्र तुमच्याकडे नाही. मी शोधली, सापडली नाही.

स्टारबद्दलही बोलायला हवं, कारण ते पॉइंटशी जोडलेलं आहे. कमी स्टारचा रिव्ह्यू तुमच्याकडे तपासणीत अडकतो, आणि अडकलेला असेपर्यंत त्याचे पॉइंट मिळत नाहीत. माझ्या इस्त्रीची भर नऊ दिवसांनी दिसायला लागली. पाच स्टारचा रिव्ह्यू तासाभरात दिसतो. हे तुम्ही मुद्दाम करत असाल असं मी समजत नाही. तक्रारीत खोटं असण्याची भीती जास्त, असा हिशेब असेल. पण लिहिणाऱ्याला त्यातून कळतं एकच, की गोड लिहिलं तर लवकर मिळतं. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा खोट्या रिव्ह्यूंबद्दलचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. ठरावीक सुरात, चांगलं किंवा वाईट, लिहिण्याच्या अटीवर मोबदला देण्याला त्यात व्यवसायांना मनाई आहे. अॅमेझॉनने २०१६ साली फुकट किंवा सवलतीत दिलेल्या वस्तूंच्या बदल्यातले रिव्ह्यू, निवडक सदस्यांकडून रिव्ह्यू घेणारा आपला स्वतःचा ‘व्हाइन’ (Vine) कार्यक्रम सोडून, बंद केले. तुमची अट कुठे लिहिलेली नाही हे खरं, पण नऊ दिवस आणि एक तास यांतला फरक लिहिणाऱ्याला समजतोच. तपासणी करायचीच तर सगळ्यांची सारखी करा. आणि प्रत्येक रिव्ह्यूखाली एक ओळ असू द्या: यासाठी लिहिणाऱ्याला इतके पॉइंट मिळाले. वाचणाऱ्याला ते कळायचा हक्क आहे.

शेवटी, जमा पॉइंटबद्दल. मागच्या बदलात तुम्ही दोन वर्षांहून जुने पॉइंट बाद केलेत. पंधरा दिवसांची सूचना ईमेलने आली, तीही प्रचाराच्या ईमेलमध्ये, खालच्या परिच्छेदात. अनेकांनी ती पाहिलीच नाही. काही जणांचे चार-पाच वर्षांत साठवलेले गेले. माझेही गेले, पण मला त्याहून लागलं ते असं की ज्या रिव्ह्यूंचे पॉइंट तुम्ही बाद केलेत ते रिव्ह्यू तुम्ही ठेवलेत. ते आजही वाचले जातात, त्यांच्या जोरावर आजही लोक तुमच्याकडे येतात. काम ठेवून घेतलं आणि त्याचा मोबदला जुना झाला म्हणून काढून घेतला, याला न्याय म्हणता येत नाही. नियम बदलू नये असं कुणीच म्हणणार नाही. स्टॅक ओव्हरफ्लोने २०१९ साली प्रश्नाला मिळणाऱ्या मताचे पॉइंट ५ वरून १० केले, तेव्हा जुन्या प्रश्नांनाही तोच हिशेब लावला. मागे जाऊन नियम लावायचा तर तो सदस्याच्या बाजूने लावता येतो, हे त्यातून दिसतं. कमी करायचं असेल तर ते पुढच्या लिहिण्यापासून करा.

माझं मागणं आता नेमक्या शब्दांत लिहिते. सहा महिन्यांनी आणि वर्षाने घातलेल्या भरीला पहिल्या रिव्ह्यूपेक्षा जास्त पॉइंट असावेत. ही भर फुकाची होऊ नये म्हणून तिच्यात काय बदललं ते लिहिणं आणि तेव्हाचा एक फोटो देणं सक्तीचं करा. त्याला आम्ही कुणी नाही म्हणणार नाही. खोकं उघडल्या दिवशीच्या रिव्ह्यूला थोडे पॉइंट आधी द्या आणि उरलेले तो माणूस परत येईल तेव्हासाठी राखून ठेवा. सात दिवसांचा नियम काढून टाका. शब्दांचे पॉइंटही काढा. बाद केलेले पॉइंट परत द्या, निदान ज्यांचे रिव्ह्यू तुम्ही अजून दाखवता त्यांचे तरी. आणि नियमांचा पुढचा मसुदा आधी सदस्यांना दाखवा, महिनाभर तरी.

यातल्या कशाला किती खर्च येतो याचा अंदाज मला आहे. माझं अर्धं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं आहे. नवीन व्हाउचर लागणार नाहीत, आहेत तेच वेगळ्या हातांत जातील. काही लोकांचे पॉइंट कमी होतील, त्यात महिन्याला तीस रिव्ह्यू लिहिणारे आमचे काही मित्रही असतील. ते रागावतील. त्यांच्याशी बोलायला मी आणि इतर जुने सदस्य तुमच्याबरोबर बसायला तयार आहोत.

इस्त्रीची वायर बदलल्याला आठ महिने झाले आहेत. नवी वायर त्याच जागी पुन्हा पांढरट पडायला लागली आहे. त्याचा फोटो काढून ठेवला आहे आणि रविवारी बसून ती भर घालणार आहे. तुमचं उत्तर आलं तर तेही त्याखाली लिहीन, म्हणजे ती इस्त्री बघायला येणाऱ्यांना ते वाचता येईल.

आपली,
सहा वर्षांपासूनची एक सदस्य